ऑटोमॅटिक कार वॉशमध्ये गाडीवर रेघोट्या : पॉलिश करावं, रंगवावं की पंपवाल्याशी भांडावं?

निळाई
नमस्कार मंडळी. गाडी गडद निळी, घेऊन दोन वर्षंही झालेली नाहीत. गेल्या आठवड्यात दापोलीहून माणगाव-ताम्हिणीमार्गे पुण्यात आलो. भर पावसातला प्रवास, त्यामुळे दारांच्या अर्ध्यापर्यंत लाल चिखल. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या एका पेट्रोल पंपावर ऑटोमॅटिक कार वॉशला गाडी नेली. तिथल्या मुलाला स्पष्ट सांगितलं, की आधी प्रेशरने चिखल उडवून घे. तो म्हणाला, "सर, मशीनच सगळं करतं, तुम्ही फक्त काचा वर घ्या, आरसे मिटा आणि न्यूट्रलला टाका."

गाडी बाहेर आली तेव्हा चकाचक दिसत होती. संध्याकाळी तिरप्या उन्हात पाहिली आणि पोटात गोळाच आला. दोन्ही बाजूंच्या दारांवर बारीक, समांतर, आडव्या रेघा. बॉनेटवर पुढून मागे तशाच. मागच्या डाव्या दारावर हँडलखाली एक रेघ बाकीच्यांपेक्षा जाड आहे.

आता तीन माणसं तीन गोष्टी सांगतायत. पंपाचा मॅनेजर भिंतीवरच्या 'वाहन मालकाच्या जबाबदारीवर' या पाटीकडे बोट दाखवतो. ओळखीचा पेंटर म्हणतो, चारही दारं रंगवून टाकू, नव्यासारखी करतो. डिटेलिंगवाला (गाडी धुऊन-पॉलिश करून चमकवणारा) म्हणतो, पॉलिश आणि वर सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर एक संरक्षक थर, बावीस हजार. कुणाचं ऐकू? आणि पंपवाल्याला असंच सोडायचं का?

टॉर्क_रेंच
पेंटरचं तर अजिबात ऐकू नका. कंपनीचा रंग एकदा गेला की गेला. बाकी सविस्तर रात्री लिहितो.

मुळशीकर
ताम्हिणीचा चिखल आणि थेट ब्रशखाली! वाचूनच अंगावर काटा आला. त्या लाल मातीत बारीक कच असते हो, नुसती माती नसते ती.

स्नेहल_ठाणे
सेम पिंच. माझी काळी हॅचबॅक. आमच्याकडच्या एका मॉलच्या बेसमेंटमध्ये धुवायला दिली होती, तेव्हापासून रात्री दिव्याखाली उभी केली की छतावर कोळ्याचं जाळं दिसतं, गोल गोल. पण तुमच्या रेघा सरळ आहेत म्हणता, मग माझ्या गोल कशा? मशीन वेगळं असेल का?

रंगारी_भोसरी
निळाईभाऊ, मी रंगकामातच आहे, आधी एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये होतो, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. पैसे कुठेही खर्च करण्याआधी एवढं करा.

गाडी सावलीत लावा, स्वच्छ धुवा आणि रेघांवर पाणी सोडा. ओली असताना रेघ दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर परत आली, तर ती फक्त क्लिअर कोटमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात आहे. मग रेघेला काटकोनात नख फिरवा, अगदी हलक्या हाताने. नख अडकलं नाही तर पॉलिशने जाते. अडकलं तर पूर्ण जाणार नाही. आणि आत पांढरं किंवा करडं काही दिसलं तर रेघ रंगाखालच्या प्रायमरपर्यंत पोचली आहे, तिथे पॉलिशचा उपयोग नाही.

रंगाचे थर समजून घ्या म्हणजे कुणी फसवणार नाही. पत्र्यावर पहिला थर गंज न लागण्यासाठी, तो गाडीचा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने चढवतात. त्यावर प्रायमर, त्यावर रंग म्हणजे बेस कोट, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतं. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, म्हणजे ऊन, पाऊस, पक्ष्यांची घाण सगळं झेलणारा तुमचा थर केसापेक्षा पातळ आहे. हलकं पॉलिश केलं की त्यातले एक ते तीन मायक्रॉन जातात. ते परत येत नाहीत. म्हणून दर दिवाळीला 'रबिंग मारून घ्या' सांगणाऱ्यांपासून लांब राहा.

स्नेहलताई, तुमच्या रेघाही बहुतेक गोल नाहीतच. चरे सगळ्या दिशांनी असले, की दिव्याचा उजेड फक्त त्याला आडव्या जाणाऱ्या चऱ्यांवरून डोळ्यात येतो. त्यामुळे दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. दिवा हलवा, वर्तुळंही हलतील. सगळ्या दिशांचे चरे फडक्याने पडतात. ब्रशच्या मशीनमध्ये उभे ब्रश गाडीच्या कडेने फिरतात, आडवा ब्रश बॉनेट-टपावरून मागे जातो, म्हणून त्याचे चरे गाडीच्या लांबीच्या दिशेने पडतात. निळाईंचे तसेच आहेत.

स्नेहल_ठाणे
काका, दिवा हलवून पाहिला. खरंच हलतात! म्हणजे दोष मॉलवाल्याचा नाही, रोज सकाळी गाडी पुसणाऱ्याचा?

केतकी
हेच म्हणायला आले होते. आमच्या सोसायटीत एकच बादली, एकच फडकं आणि सकाळी सातपर्यंत पंचवीस गाड्या. पहिल्या गाडीला जे पाणी, तेच आठव्या गाडीला. त्यात बांधकामाची धूळ. लोक कार वॉशला नावं ठेवतात, पण महिन्यातून एकदा ब्रश आणि महिन्यातून तीस वेळा धुळीचं फडकं, यात जास्त नुकसान कशाने होतं ते उघड आहे.

चाकोरी
केतकीशी सहमत, पण त्या माणसाला दोष देऊन उपयोग नाही. त्याला महिन्याला गाडीमागे जेवढे मिळतात, तेवढ्यात तो दर गाडीला नवं पाणी कुठून आणणार? आम्ही आमच्या गाडीसाठी चार मायक्रोफायबर फडकी त्याच्याकडे दिली आहेत, धुऊन आम्हीच देतो. सांगितलंय, की धूळ असेल त्या दिवशी फक्त काचा पूस, पत्र्याला हात लावू नकोस, पैसे तेवढेच मिळतील. त्याचाही वेळ वाचतो. सुरुवातीला त्याला वाटलं आम्ही काम काढून घेतोय. समजावून सांगितल्यावर आता तो बाकीच्यांनाही तेच सांगतो.

केतकी
हे फार आवडलं. उद्याच करते.

आबा_कोथरूड
आमच्या प्रीमियर पद्मिनीला हा वरचा पारदर्शक थर नव्हता. पॉलिश करायला बसलो की फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं. आमचे पेंटर तेवढ्यावरून सांगायचे, की अजून एकदा घासली तर चालेल का नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळी गल्ली गाड्या घासत बसलेली असायची, आणि मुलांना चाकांची झाकणं चमकवायचं काम. त्या झाकणांत तोंड वाकडं दिसतं म्हणून आम्ही पोरं तासन्‌तास तिथेच.

रंगारी_भोसरी
आबा, अगदी बरोबर. अजूनही जुन्या गाडीवर मी आधी पांढऱ्या फडक्याने कोपऱ्यात घासून बघतो. फडक्यावर रंग आला तर वर क्लिअर कोट नाही, मग हात वेगळा लावावा लागतो.

निळाई
पाण्याची आणि नखाची चाचणी केली. बारीक रेघा ओल्या असताना पूर्ण गायब होतात, नख कुठेच अडकत नाही. हँडलखालच्या जाड रेघेत मात्र नख किंचित अडकतं. आत निळंच दिसतंय, पांढरं नाही. बरं वाटलं. रंगवण्याचा विषय बंद.

पण भांडणाचं काय? चारशे रुपये मोजून मी त्याला सांगितलेलं काम त्याने केलं नाही.

टॉर्क_रेंच
इन्शुरन्सचा विचार असेल तर करू नका. क्लेम केला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो, शिवाय सक्तीची वजावट आपल्या खिशातून जाते, १५०० सीसीपर्यंत १००० रुपये. बोनस पहिल्या वर्षी २० टक्के असतो, वाढत ५० पर्यंत जातो. चार-पाच हजारांच्या पॉलिशसाठी तो घालवणं परवडत नाही. आणि क्लेममध्ये दारं रंगवूनच मिळणार, जे आपल्याला नकोच आहे.

पक्षकार
पाटीबद्दल लिहिते, कारण ती पाटी बघून निम्मे लोक गप्प बसतात.

'मालकाच्या जबाबदारीवर' असं लिहिलं म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १४ नोव्हेंबर २०१९ चा निकाल आहे. १९९८ साली दिल्लीच्या ताज महाल हॉटेलमध्ये एका पाहुण्याने मारुती झेन व्हॅले पार्किंगला दिली होती, ती चोरीला गेली. हॉटेलने पार्किंगच्या पावतीवरच्या अशाच ओळीचा आधार घेतला. न्यायालयाने म्हटलं, की गाडी ताब्यात घेतली की तिची काळजी घेणं हे हॉटेलचं कर्तव्य. स्वतःच्या किंवा नोकरांच्या निष्काळजीपणामुळे नुकसान झालं तर ती ओळ दाखवून सुटता येणार नाही. मुळात करार कायदा १८७२ चं कलम १५१ हेच सांगतं : दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती स्वतःची असल्यासारखी सांभाळावी.

शिवाय ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. पैसे घेऊन दिलेल्या सेवेत कमतरता असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि पंप कुठेही असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

चाकोरी
ताई, एक शंका. ताजच्या प्रकरणात किल्ली हॉटेलकडे होती. इथे निळाई स्वतः गाडीत बसलेले होते. मग 'ताब्यात दिली' असं म्हणता येईल का?

पक्षकार
चांगला प्रश्न. तुम्ही आत बसलेले असाल तर ताब्याचा मुद्दा कमकुवत होतो, समोरचा वकील तेच धरून बसेल. म्हणून मी सेवेतल्या कमतरतेवर जास्त भर देईन. तिथे गाडीचा ताबा कुणाकडे होता हे सिद्ध करावं लागत नाही. ग्राहकाने पूर्व-धुलाई मागितली आणि दिली नाही, एवढं पुरेसं मजबूत आहे.

खरी अडचण पुराव्याची. रेघा आधीपासून नव्हत्या हे कसं दाखवणार? आजच्या आज पंपाला लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवा अशी त्यात स्पष्ट मागणी करा. चित्रण काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून उशीर नको. पावती, यूपीआयची नोंद, रेघांचे उन्हात काढलेले फोटो, आणि गाडीचे आधीचे कुठलेही फोटो एकत्र ठेवा. पॉलिश करण्याआधी हे सगळं झालं पाहिजे. नाहीतर पुरावा घासून टाकाल.

मुळशीकर
आमच्या पार्किंगमधलं मांजर रोज बॉनेटवर झोपतं आणि उठताना आळस देऊन नखं ओढतं. त्याची तक्रार १९१५ वर घेतात का? :)

पक्षकार
मांजराने पैसे घेतले असतील तरच ती सेवा ठरेल. :)

श्टुटगार्टचा_सदू
इथे जर्मनीत घरासमोर गाडी धुवायला बहुतेक ठिकाणी बंदी आहे. तेल-साबणाचं पाणी जमिनीत जाऊ नये म्हणून. त्यामुळे सगळेच मशीनमध्ये जातात, नव्या महागड्या गाड्याही. तरी बोंब कमी, कारण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक तर मशीनच्या तोंडाशी बऱ्याच ठिकाणी माणूस उभा असतो, तो हाय प्रेशरने चाकं, खालच्या पट्ट्या, मागची बाजू उडवून घेतो. नाहीतर ते काम आपण स्वतः करायचं. दुसरं म्हणजे जुने नायलॉनचे ताठ ब्रश आता कमी झालेत, त्याजागी कापडी पट्ट्या किंवा फोमचे ब्रश आले. फोमच्या पेशी बंद असतात, त्यात वाळू रुतून बसत नाही. पण कापड असो की फोम, पाणी कमी सोडलं तर सगळं सारखंच.

आणि पाटीबद्दल : इथेही हुबेहूब तसाच खटला झाला. २१ नोव्हेंबर २०२४ ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला. एका रेंज रोव्हरचा मागचा स्पॉइलर कार वॉशमध्ये उखडला. पाटीवर लिहिलं होतं, की नीट न बसवलेल्या किंवा गाडीच्या मूळ रचनेत नसलेल्या भागांची जबाबदारी आमची नाही. हा स्पॉइलर कंपनीनेच बसवलेला, नीट घट्ट. न्यायालयाने म्हटलं, बाजारात मिळणारी सामान्य गाडी इजा न होता बाहेर येईल, ही अपेक्षा ठेवण्याचा ग्राहकाला हक्क आहे. यंत्र चालवणारा धोका ओळखू शकतो, ग्राहक नाही. पैसे मशीनवाल्याला द्यावे लागले.

चाकोरी
सदूभाऊ, शेवटची दोन वाक्यं फ्रेम करून प्रत्येक पंपावर लावायला हवीत.

लातूरकर
विषय थोडा वेगळीकडे नेतो, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. त्या उन्हाळ्यात घागरीसाठी रात्र-रात्र रांगेत उभं राहिलेलं माणूस नळीने गाडी धुताना पाहू शकत नाही. चांगल्या ऑटोमॅटिक मशीनचा एक खरा फायदा म्हणजे ते पाणी गाळून परत वापरतं. त्यामुळे ते सरसकट बंद करा असं कुणी म्हणू नये. मात्र ते गाळण नीट साफ ठेवलं नाही तर तेच गढूळ पाणी पुढच्या गाडीवर येतं. जिथे जाता तिथे टाकी आणि गाळणीबद्दल विचारा, सांगायला टाळाटाळ केली तर समजून जा.

मी स्वतः रिन्सलेस शॅम्पू वापरतो, म्हणजे नंतर पाण्याने धुवावा न लागणारा. एक बादली पाणी, त्यात थोडं शॅम्पू, दहा-बारा स्वच्छ फडकी. एका फडक्याने एक पॅनल, मग ते बाजूला, परत बादलीत बुडवायचं नाही. यातलं रसायन धुळीचा कण वेढून निसरडा करतं, म्हणून घासत नाही. जाड चिखलावर मात्र हे चालत नाही, तो आधी फवाऱ्याने भिजवून सोडवावा लागतो.

टॉर्क_रेंच
लातूरकर, फार मोलाचं लिहिलंत.

मी दोन बादल्यांवाला. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, मिट म्हणजे गाडी धुवायचा मऊ हातमोजा खळबळण्यासाठी. वरून खाली यायचं, टप आधी, दारांचा खालचा भाग शेवटी, कारण कच सगळी तिथे असते. आणि बोअरचं पाणी असेल तर उन्हात वाळू देऊ नका. क्षारांचे पांढरे ठिपके पडतात, ते काढायला परत पॉलिशच करावं लागतं.

केतकी
टूथपेस्टने चरे जातात असं सगळीकडे दाखवतात. खरंय का? आणि आमच्याकडे एक काका रॉकेल फिरवायचे.

रंगारी_भोसरी
टूथपेस्टमध्ये घासणारी भुकटी असते, त्यामुळे अगदी बारीक चरा फिका होतो. पण ती दातांसाठी बनवलेली, रंगासाठी नाही. काही पेस्ट खरखरीत असतात, त्या जागी धुरकट डाग पडतो. रॉकेल किंवा डिझेलने चरा भरल्यासारखा दिसतो, दोन दिवस चमकतं, मग त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या वेळी पुसताना नवे चरे. दोन्ही नको.

निळाईभाऊ, आता तुमच्या कामाचं. डिटेलिंगवाल्याकडे जाल तेव्हा हे बघा.

त्याच्याकडे जाडी मोजायचं यंत्र हवं आणि त्याने तुमच्यासमोर प्रत्येक पॅनल मोजायला हवं. ते एकूण रंगाची जाडी दाखवतं, एकट्या क्लिअर कोटची नाही, तरी सगळीकडे ११०-१२० आणि एका दारावर एकदम २५० दिसलं तर ते दार आधी रंगवलेलं आहे हे कळतं. प्लास्टिकच्या बंपरवर ते यंत्र चालत नाही, तिथे जपूनच.

पॉलिशचं मशीन डीए (ड्युअल ॲक्शन) आहे की रोटरी ते विचारा. रोटरी नुसतं गोल फिरतं, तापतं, हात कच्चा असेल तर उन्हात लाटांसारखे डाग दिसतात. डीए गोल फिरतानाच हलतं, त्यामुळे एका जागी उष्णता साठत नाही. दाराच्या कडा, बॉनेटवरच्या उभ्या रेषा, हँडलच्या खाचा, इथे क्लिअर कोट पातळ असतो, तिथे टेप लावायला सांगा. आधी सगळ्यात सौम्य पॅड आणि सौम्य पॉलिश एका हातभर जागेवर लावून बघायचं. त्याने भागलं तर तेवढंच पुऱ्या गाडीवर. पहिल्याच फटक्यात जाड कंपाउंड, म्हणजे खरखरीत पॉलिश, उचलणारा माणूस घाईत आहे असं समजा.

आणि सर्वात महत्त्वाचं : बऱ्याच पॉलिशमध्ये मेण-तेल असतं, ते चऱ्यात भरून बसतं. गाडी देताना आरशासारखी दिसते, चार धुलाया झाल्या की चरे परत हजर. म्हणून ताब्यात घेण्याआधी एका पॅनलवर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून फिरवायला सांगा आणि मग टॉर्चच्या उजेडात बघा. तरीही चरे नसतील तर काम खरं.

हँडलखालची जाड रेघ पूर्ण घालवायच्या मागे लागू नका. तिच्या कडा बोथट केल्या की उजेड कमी पकडते, हातभर अंतरावरून दिसत नाही. एका रेघेसाठी सगळा क्लिअर कोट उतरवायचा नसतो.

स्नेहल_ठाणे
काका, आणि ते सिरॅमिक? '९ एच, चरे पडतच नाहीत' म्हणतात.

टॉर्क_रेंच
ते ९ एच म्हणजे पेन्सिलची कसोटी. ठरावीक दाबाने पेन्सिल ओढली तर चरा पडतो का, एवढंच ती सांगते. वाळूतलं क्वार्ट्झ कठीणपणा मोजणाऱ्या मोहसच्या मोजपट्टीवर ७ वर आहे, त्यापुढे कुठलंही कोटिंग टिकत नाही. सिरॅमिकचा फायदा वेगळा आहे. पाणी आणि चिखल कमी चिकटतो, धुणं सोपं होतं, म्हणून चरे कमी पडतात. चरे अडवायचे असतील तर पीपीएफ, म्हणजे १५०-२०० मायक्रॉनची पॉलियुरेथेन फिल्म. बारीक रेघा उन्हाच्या उबेने त्यातून भरून येतात. पण पूर्ण गाडीला महाग पडते. मी फक्त बॉनेट, पुढचा बंपर आणि दारांच्या कडांना लावली आहे.

आबा_कोथरूड
आणि चरे न काढता वर सिरॅमिक लावलं तर?

रंगारी_भोसरी
चरे काचेखाली ठेवल्यासारखे कायमचे दिसत राहतील आबा. आधी पॉलिश, मगच कोटिंग. उलटं करणारे आहेत, जपा.

निळाई
मंडळी, उशिरा कळवतोय, पण पूर्ण झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

पक्षकारताईंनी सांगितलं तसं पत्र दिलं, पोच घेतली, चित्रणाची मागणी केली. दापोलीला किनाऱ्यावर काढलेले फोटो सापडले, त्यात दारावर नारळाच्या झाडांचं प्रतिबिंब स्वच्छ दिसतंय. ते जोडले. मॅनेजर पाटीवरून हलेना, म्हणून १९१५ वर नोंद केली. त्यानंतर पंपमालकाचा स्वतःचा फोन आला. त्यांनी चित्रण पाहिलं होतं. मी हाताने दारांच्या खालच्या भागाकडे दाखवतोय आणि मुलगा मान हलवतोय, हे त्यात दिसतं. पॉलिशचं बिल द्यायला ते तयार झाले, आणि मी लिहून दिलं की पुढे तक्रार चालवणार नाही. मुलाला कामावरून काढू नका, एवढं मी आवर्जून सांगितलं, कारण त्याला प्रेशर पंप चालवायचा की नाही हे वरून ठरतं. प्रेशर पंप तिथे कोपऱ्यात पडूनच होता.

बावीस हजारवाल्याकडे गेलो नाही. पिंपरीत एक तरुण मुलगी आणि तिचा भाऊ मिळून काम करतात, त्यांच्याकडे गेलो. तिने न विचारता यंत्र काढलं आणि सगळे आकडे पॅनलवर टेपच्या तुकड्यांवर लिहून चिकटवले : ११२, ११८, १०९... बॉनेटच्या एका कोपऱ्यावर ९६ आलं, तिथे तिने सौम्य पॅडशिवाय काही लावायचं नाही म्हणून लाल टेपची फुली मारली. पुढच्या दारावर हातभर चौकोनात आधी सौम्य पॉलिश फिरवलं, अल्कोहोलने पुसलं आणि मला टॉर्च देऊन म्हणाली, "तुम्हीच बघा." चौकोनाच्या आत निळा रंग खोल दिसत होता, बाहेर राखाडी धुकं. तेवढ्याच पॉलिशने पूर्ण गाडी झाली, साडेचार हजारात. जाड रेघ राहिली आहे, पण शोधावी लागते. सिरॅमिक आत्ता करत नाहीये.

पक्षकार
मनापासून आनंद झाला. मुलाबद्दल बोललात ते फार बरं केलंत. समझोत्याची प्रत आणि बिलाची प्रत दोन्ही जपून ठेवा.

मुळशीकर
त्या ताईंचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? गाडी पांढरी आहे, चरे दिसत नाहीत, पण आहेत नक्की.

निळाई
व्यनि केलाय. पांढरी असली तरी आधी टॉर्चने बघा, नसतील फारसे तर पॉलिश करूच नका. तीही तुम्हाला तेच सांगेल.

चाकोरी
परवा तुम्ही सांगितलेल्या पंपावर डिझेल भरायला गेलो होतो. रांगेत मशीनच्या आधी एक मुलगा प्रेशर पंप घेऊन उभा होता, प्रत्येक गाडीची चाकं आणि दारांचा खालचा भाग उडवत. पाटी तशीच आहे.